सोल तेवढाच जाड, मग पायाला वेगळा का लागतो?

प्रश्न : मी सेहेचाळीस वर्षांची आहे. रोज सकाळी पळते आणि यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये उतरायचं ठरवलंय. जाड कुशनचे बूट घ्यावेत म्हणून दुकानात तीन कंपन्यांचे घालून पाहिले. तिन्ही सहा नंबरचे, तिन्हींचा सोल दिसायला सारखाच जाड. तरी एकात अंगठा पुढे टेकत होता, दुसऱ्यात टाच सुटत होती आणि तिसऱ्यात नुसतं उभं राहिलं तरी घोटा डुगडुगत होता. मऊपणाही तिन्हींचा निराळा. नंबर एक, जाडी एक, मग इतका फरक का?
*– एक वाचक, सातारा*

उत्तर : तुमच्या पायांनी दुकानात जे टिपलं ते नेमकं आहे. जाडी हे बुटाचं फक्त एक माप. पायाला जे जाणवतं ते त्या मापापेक्षा इतर गोष्टींवर जास्त ठरतं: जाडीची वाटणी टाच आणि चवडा यांत कशी केली आहे, फोम कोणता आहे, पाय त्या फोमवर बसतो की फोमच्या आत, तळ किती रुंद आहे आणि वरचं कापड पायाला कुठे धरतं.

आधी जाडीचंच घेऊ. ती दोन ठिकाणी मोजतात, टाचेखाली आणि चवड्याखाली. या दोन आकड्यांतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. नायकीच्या इन्व्हिन्सिबल ३ चा ड्रॉप ९ मिलिमीटर आहे, असिक्सच्या जेल-निंबस २५ चा ८, होकाच्या क्लिफ्टन ९ चा ५ आणि बोंडी ८ चा ४. आल्ट्रा या कंपनीची तर ओळखच शून्य ड्रॉपच्या बुटांसाठी आहे. त्यांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात. दोन बुटांच्या टाचेची जाडी सारखी असली, तरी कमी ड्रॉपच्या बुटात चवड्याखाली जास्त फोम उरतो. चवड्यावर उतरणाऱ्याला तो बूट मऊ वाटेल. टाचेवर उतरणाऱ्याला कदाचित दोन्ही सारखेच वाटतील.

बाहेरून दिसणारी जाडीही फसवी असते. होकाच्या बुटांत पाय फोमच्या पृष्ठभागावर ठेवलेला नसतो, थोडा खाली उतरवलेला असतो, आणि फोमच्या कडा दोन्ही बाजूंनी वर येतात. बघणाऱ्याला त्या कडांसकट सगळी उंची दिसते. पायाखाली असते ती त्याहून कमी. या कडांमुळे पाय बाजूला घसरत नाही, म्हणून एवढ्या उंचीवरही बऱ्याच जणांना त्यात स्थिर वाटतं. मात्र ज्यांच्या पायाची कमान खाली बसलेली आहे किंवा पाय मध्यभागी रुंद आहे, त्यांना हीच आतली कड टोचते. म्हणजे एकाच रचनेने एकाला आधार मिळतो आणि दुसऱ्याला फोड येतो.

आता फोम. बहुतेक बुटांच्या सोलमध्ये वर्षानुवर्षं इव्हीए नावाचा फोम वापरला जातो. तो हलका आणि स्वस्त असतो, पण थंडीत कडक होतो आणि उन्हाळ्यात मऊ पडतो. २०१३ मध्ये आदिदासने बीएएसएफ या रसायन कंपनीच्या मदतीने टीपीयू या प्लास्टिकच्या फुगवलेल्या दाण्यांचा ‘बूस्ट’ फोम आणला. तो वजनदार, पण उसळी देणारा आणि तापमानाने फारसा न बदलणारा. पुढे पेबा या आणखी हलक्या आणि जास्त उसळणाऱ्या पदार्थाचे फोम आले. नायकीचा झूमएक्स त्यांतलाच. अलीकडे नायट्रोजनसारखा वायू प्रचंड दाबाखाली घालूनही फोम फुगवतात. घरातली कापसाची गादी आणि रबराची गादी सारख्याच जाडीच्या असल्या तरी पाठीला वेगळ्या लागतात, तसंच इथे होतं. एक फोम पायाला आत घेतो आणि सावकाश सोडतो, दुसरा दबतो आणि लगेच परत ढकलतो.

दुकानातला मऊपणा आणि रस्त्यावरचा मऊपणा यांतला फरक तर फार महत्त्वाचा आहे. दुकानात तुम्ही दोन पायांवर उभ्या असता, तेव्हा एका बुटावर अर्धं वजन असतं. पळताना पाऊल पडतं तेव्हा जमिनीकडून येणारा उलटा जोर वजनाच्या दोन ते तीन पटींवर जातो, आणि तोही एकाच पायावर. साठ किलोच्या व्यक्तीच्या बाबतीत हा फरक ३० किलो आणि १२० ते १८० किलो इतका आहे. उभं राहिल्यावर लुसलुशीत वाटलेला फोम एवढ्या भाराखाली पुरता चेपला जाऊ शकतो आणि मग पाऊल कडक आपटतं. उलट, उभं राहिल्यावर जरा टणक वाटलेला फोम पळताना नेमका हवा तेवढाच दबतो. तुम्हाला तिन्हींचा मऊपणा वेगळा वाटला ते खरं आहे, पण पळून पाहिल्यावर त्यांचा क्रम बदलूही शकेल.

डुगडुगणाऱ्या घोट्याचं कारण सरळ आहे. पाय जमिनीपासून जितका उंच, तितकी बाजूला कलण्याची ओढ जास्त. म्हणून कंपन्या जाड सोल खाली पसरट करतात. बूट उलटा धरून त्याचा तळ पाहा. टाचेपाशी आणि पायाच्या मध्यभागी तो वरच्या कापडापेक्षा बाहेर आलेला असेल तर आधार मिळतो. उंच सोल, फार मऊ फोम आणि मध्ये निमुळता तळ, हे तिन्ही एकत्र आले की घोट्याला प्रत्येक पावलावर तोल सावरावा लागतो. तासाभराच्या पळण्यात एकेका पायाची साधारण पाच हजार पावलं पडतात, तेव्हा हे सावरणं लहान काम नाही.

जाड सोल सहज वाकत नाही, म्हणून त्याचं टोक वर उचललेलं आणि तळ गोलसर ठेवतात. याला ‘रॉकर’ म्हणतात. पाऊल चवड्यापाशी न वाकता पुढे लोळतं. अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्यांना यामुळे बरं वाटतं आणि टाचेमागच्या शिरेवरचा ताणही कमी होतो. मात्र हा गोलवा कुठे सुरू होतो ते प्रत्येक बुटात वेगळं असतं. तो तुमच्या चवड्याच्या सांध्याशी जुळला नाही, तर पाऊल अडखळल्यासारखं वाटतं.

राहिला नंबर. बूट पायाच्या आकाराच्या साच्यावर बेततात आणि प्रत्येक कंपनीचा साचा आपापला असतो. यूके मापात एक पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, सुमारे साडेआठ मिलिमीटर; अर्धा नंबर म्हणजे सुमारे सव्वाचार. पण नंबरच्या आत बोटांपुढे किती मोकळी जागा सोडायची, हे कंपनी ठरवते. त्यात जाड कुशनच्या बुटांना वरचं अस्तरही बहुधा जाड असतं, आणि ते आतली जागा खातं. म्हणून एकाचा सहा दुसऱ्याच्या साडेपाचासारखा लागतो.

तुमच्या शर्यतीत अंगठा टेकण्याचा आणि टाच सुटण्याचा अर्थ आणखी स्पष्ट होतो. साताऱ्यात आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. चढावर टाच उचलली जाते, तेव्हा सुटणारी टाच घासून फोड आणते. उतारावर पाय पुढे सरकतो, तेव्हा दुकानातच टेकणारा अंगठा प्रत्येक पावलाला आपटतो आणि नख काळं पडतं. टाच सुटत असेल तर वरचं शेवटचं छिद्र वापरून दोन्ही बाजूंना लेसची कडी करा आणि समोरची लेस त्यातून ओवून आवळा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. टेकणाऱ्या अंगठ्याला मात्र लेसचा उपाय नाही. तो बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर सोडून द्या.

प्रश्न : एवढ्या जाड सोलची पद्धत आली कुठून? काही वर्षांपूर्वी तर अनवाणी पळण्याचं कौतुक चाललं होतं. आणि शर्यतीत जाड सोलला बंदी आहे, असंही ऐकलं.
*– एक वाचक, ठाणे*

उत्तर : दोन्ही लाटा एकाच वर्षाच्या आहेत. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टु रन’ हे पुस्तक आलं आणि मेक्सिकोतल्या ताराहुमारा लोकांच्या पातळ चपलांची कथा जगभर पोचली. पाचही बोटं वेगळी दिसणाऱ्या, पायमोज्यासारख्या बुटांची विक्री वाढली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आनेसी या डोंगराळ भागातल्या गावात निकोला मर्मू आणि ज्याँ-ल्यूक दियार या दोघांनी होका ही कंपनी काढली. दोघांनीही आधी सालोमाँ या डोंगरी खेळांच्या कंपनीत काम केलेलं होतं. त्यांच्यापुढे प्रश्न होता आल्प्सच्या उतारांवरून वेगाने खाली कसं यायचं, हा. त्यांनी सोल मोठा, मऊ आणि गोलसर केला. सुरुवातीच्या बुटाला त्यांनी रियुनियन बेटावरच्या माफाते या खोल डोंगरी खोऱ्याचं नाव दिलं. म्हणजे ज्या बुटांना आज आपण सपाट रस्त्यावरचे आरामाचे बूट समजतो, त्यांचा जन्म घाट उतरण्यासाठी झाला. डोंगरात शंभर-शंभर किलोमीटर पळणाऱ्यांनी ते आधी स्वीकारले, मग रस्त्यावर पळणाऱ्यांनी.

अनवाणीची लाट ओसरायला वेळ लागला नाही. पाच बोटांचे बूट करणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत दावा झाला होता. आरोग्याच्या फायद्याची आश्वासनं पुराव्याविना दिली, असा त्यात आक्षेप होता. २०१४ मध्ये कंपनीने दोष कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलरवर तो मिटवला. तोवर होका अमेरिकेतल्या डेकर्स कंपनीकडे गेली होती आणि इतर कंपन्याही सोल जाड करू लागल्या होत्या.

बंदीचं म्हणाल, तर जाड सोलला बंदी नाही, मर्यादा आहे. जाड फोम आणि त्यात कार्बनची पट्टी असे शर्यतीचे बूट आल्यावर मॅरेथॉनच्या वेळा झपाट्याने खाली आल्या. तेव्हा वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची कमाल जाडी ठरवली. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला, पण त्याच्या बुटांचा सोल पाच सेंटिमीटर जाड निघाला आणि त्याला बाद ठरवलं गेलं. हाच हुरिसा जानेवारी २०२० मध्ये मुंबई मॅरेथॉन २ तास ८ मिनिटं ९ सेकंदांत जिंकला होता, आणि तो त्या मार्गावरचा तेव्हाचा विक्रम होता. त्या एका जास्तीच्या सेंटिमीटरची किंमत किती होती, ते यावरून कळावं. सकाळच्या सरावाला मात्र हा नियम लागत नाही. रोजच्या वापराचे काही जाड बूट ४० च्या वर जातात आणि ते घालून पळण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : जाड कुशनने गुडघे वाचतात का? डॉक्टर एक सांगतात, दुकानदार दुसरं.
*– एक वाचक, नाशिक*

उत्तर : ‘जितकं जाड तितकं सुरक्षित’ हे खरं नाही. ‘कुशनचा काही उपयोग नाही’ हेही खरं नाही.

शरीर पायाखालच्या पृष्ठभागानुसार स्वतःला जुळवून घेतं. अमेरिकेतल्या फेरिस, लुई आणि फार्ली या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की मऊ पृष्ठभागावर आपण पाय जास्त ताठ ठेवतो आणि कडक पृष्ठभागावर जास्त लवचीक. हे आपोआप घडतं. म्हणून बुटाने जेवढा धक्का झेलला तेवढा शरीरापर्यंत पोचणारा धक्का कमी झाला, असा सरळ हिशेब लागत नाही. २०१८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी होकाचे जाड बूट आणि नेहमीच्या जाडीचे बूट यांची तुलना केली, तेव्हा वेगाने पळताना जाड बुटांत पाऊल आपटण्याचा धक्का उलट वाढलेला दिसला. हा प्रयोग मोजक्या पुरुषांवर झाला होता आणि त्यात धक्का मोजला होता, दुखापती नव्हे. तरी दुकानदाराच्या दाव्याकडे सावधपणे पाहायला तो पुरेसा आहे.

दुखापतींचा मोठा प्रयोग लक्झेंबर्गमध्ये झाला. ८४८ हौशी धावपटूंना दिसायला अगदी सारखे बूट दिले. निम्म्यांचा सोल मऊ, निम्म्यांचा कडक. कोणाला कोणता मिळाला हे धावपटूंना माहीत नव्हतं. सहा महिन्यांत कडक बुटांच्या गटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. त्यातही मऊ सोलचा फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या धावपटूंना. वजनदारांमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. ‘वजन जास्त, म्हणून सोल जाड’ या नेहमीच्या सल्ल्याच्या हे नेमकं उलट आहे. मात्र या प्रयोगात मऊपणा बदलला होता, जाडी नव्हे. म्हणून त्यावरून जाड सोलची शिफारस करता येत नाही. २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि कोणत्याही प्रकारच्या बुटाने दुखापती टळतात असा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

मग आधार कशाचा धरायचा? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की धावपटूने स्वतःला आरामदायक वाटणारा बूट निवडला तर तो नकळत आपल्या चालीला मानवणारा बूट निवडतो. ही कल्पना पुरती सिद्ध झालेली नाही, पण तिच्यामागे एक ठोस निरीक्षण आहे. त्यांच्या गटाने त्याआधी सैनिकांना बुटात घालायचे वेगवेगळे तळवे देऊन ज्याचा त्याला आवडेल तो निवडू दिला होता. निवडलेले तळवे वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या, आणि सगळ्यांची निवड एकच नव्हती.

गुडघ्याबद्दल एवढं नक्की सांगता येईल, की बूट भार नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलतो. कमी ड्रॉपमध्ये पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त काम करतात. जास्त ड्रॉपमध्ये गुडघ्याकडे जास्त भार जातो. पोटऱ्या नेहमी आखडत असतील तर एकदम शून्य ड्रॉपवर उडी मारू नका. गुडघा जुना दुखणाईत असेल तर चार-पाच मिलिमीटर ड्रॉपचा बूट वापरून पाहायला हरकत नाही, पण आठवड्यातून एकदोन वेळा थोडं अंतर पळून सुरुवात करा. दुखणं टिकून असेल, तर बुटाच्या आधी डॉक्टर.

प्रश्न : दुकानात घालून पाहताना नेमकं काय तपासायचं? माझा पाय पुढे रुंद आहे, त्यामुळे परदेशी बूट नेहमी चावतात.
*– एक वाचक, पणजी*

उत्तर : दोष तुमच्या पायाचा नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. त्यात भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आढळले, आणि त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आपण आजवर यूकेच्या मापात पाय बसवत आलो. रुंदी हवी म्हणून बरेच जण एक नंबर मोठा घेतात. मग लांबी जास्त होते, टाच सुटते आणि रॉकरचा गोलवा चुकीच्या जागी येतो. त्यापेक्षा त्याच नंबरचा रुंद बूट मागा. पुरुषांत ‘डी’ ही नेहमीची रुंदी आणि ‘टू-ई’ ही रुंद. स्त्रियांत ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. प्रत्येक दुकानात रुंद जोड नसतो, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तो बनवतात. मागितल्याशिवाय तो दुकानात येणारही नाही.

तपासण्या सोप्या आहेत. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, तसा तो लांब पळतानाही सुजतो. पळताना वापरता तेच मोजे घाला. बुटातला सुटा तळवा बाहेर काढून त्यावर उभे राहा. चवडा किंवा करंगळी कडेबाहेर जात असेल तर तो बूट चावणारच. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी; काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा मोजायचं तिथून. मग एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा. घोटा सतत सावरावा लागला तर तो सोल तुमच्यासाठी फार उंच किंवा फार मऊ आहे. जिन्याच्या पायऱ्या उतरून पाहा. बोटं पुढे आदळली तर नको.

दोन बुटांत निवड अडली तर एक डाव्या पायात, दुसरा उजव्यात घाला, थोडं पळा आणि मग अदलाबदल करून पुन्हा पळा. आपले दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून अदलाबदल हवीच. दुकानात पळायला जागा नसेल तर बाहेरच्या फरशीवर चार फेऱ्या मारू द्यायला सांगा, किंवा घरात घालून पाहून परत करता येतील असे बूट घ्या. नवा बूट पहिल्याच दिवशी आरामदायक असायला हवा. ‘वापरून सैल होईल’ हे चामड्याच्या चपलेला लागू आहे, पळण्याच्या बुटाला नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम थकतो. तोवर तो रोज तुमच्या प्रत्येक पावलाखाली असणार आहे, म्हणून दुकानात या तपासण्यांना पुरेसा वेळ द्या.

एका क्रमाने निवड करा: आधी लांबी आणि रुंदी, मग टाचेची पकड, मग तोल, आणि सगळ्यात शेवटी मऊपणा. या क्रमात बसलेला बूट मध्यम जाडीचा निघाला तर तोच घ्या. जाड सोल ही चांगली सोय आहे, पण बुटात पाय नीट बसल्यावरच ती कामाला येते.